हॅलोजनसमोर पोहे

व्हिडिओ कॉलला बसताना तोंडावर उजेड कुठून घ्यावा, यावर हल्ली घरोघर खल चालतो. आमच्या भिंगारच्या क्वार्टरमध्ये तो नव्वदच्या दशकातच झाला होता, आणि इतका बिनडोक खल मी पुन्हा ऐकलेला नाही.

निमित्त होतं अमेरिकेतल्या स्थळाचं. मुलाला सुट्टी नव्हती. पुण्याला राहणाऱ्या त्याच्या आईने कळवलं, मुलीची व्हिडिओ कॅसेट काढून द्या, तो बघून सांगेल. मला हे लग्न नको होतं. नागापूरच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत मला नुकतीच नोकरी लागली होती आणि ती सोडायची कल्पनाही सहन होत नव्हती. पण मला कुणी विचारलं नाही, आणि बाबांपुढे आपण होऊन तोंड उघडायची आमच्याकडे पद्धत नव्हती. घरासमोर प्रश्न एकच होता. पोरगी सावळी आहे, तर लाईट कोणता लावायचा?

सल्ला द्यायला नेवाशाहून मामा आले. विजेतला त्यांचा अधिकार म्हणजे विहिरीवरची मोटार दोनदा जाळली होती. "बल्ब आजिबात नको," ते म्हणाले. "पिवळ्या उजेडात पोरगी आजून काळी दिसंल." मग मला ट्यूबलाईटखाली उभं केलं, तर बाबांना मी महिनाभर आजारी असल्यासारखी वाटले. आईने स्वयंपाकघरातली ट्यूबही बाहेर आणायला लावली. मी एकदा या भिंतीला, एकदा त्या भिंतीला टेकून उभी राहत होते आणि तिघं लांबून माझा रंग पारखत होते. बाजारात कापडसुद्धा याहून आदराने बघतात. शेवटी शूटिंगवाल्याने निकाल दिला, "हॅलोजन मारू. लग्नात आमी तोच मारतो. नवरी कशी का आसंना, कॅसेटमधी गोरीपान येती." सगळ्यांचे चेहरे असे खुलले, जणू होकारच आला.

संध्याकाळी व्होल्टेज पडायचं, म्हणून शूटिंग भरदुपारी ठेवलं. बाहेर नगरचं ऊन फुकट सांडत होतं आणि आम्ही खिडक्यांना चादरी लावून आत अंधार करत होतो, कारण बाहेरच्या उजेडाने रंग बिघडतो म्हणे. आवाज येतो म्हणून पंखा बंद. त्यात बाबांचं फर्मान सुटलं, की दाखवण्याचा कार्यक्रम रीतसर झाला पाहिजे. म्हणजे मुलगा नसला तरी त्याच्यासाठी खुर्ची मांडायची, खुर्चीशेजारी कॅमेरा, आणि मी पोह्यांचा ट्रे घेऊन यायचं. मी आले. रिकाम्या खुर्चीपुढे पोहे ठेवले. कॅमेऱ्याला वाकून नमस्कार केला. मग मुलाकडच्यांचे प्रश्न बाबांनीच विचारले. ज्या माणसाने माझी कॉलेजची फी भरली होती, तो मला गंभीरपणे विचारत होता, "शिक्षण किती झालंय? स्वयंपाक येतो का? परदेशात करमेल का?" मी सगळ्याची शहाण्यासारखी उत्तरं दिली. हसू दाबत होते आणि आतून संतापाने पेटलेही होते.

हॅलोजन थेट डोळ्यांवर होता. दुसऱ्या प्रश्नालाच डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मी पदर वर केला, तर मामा खेकसले, "पुसू नको, पावडर जाईल!" मग वाहू दिलं. शूटिंग संपल्यावर ते पोहे शूटिंगवाल्याने खाल्ले आणि लिंबू नाही म्हणून कुरकुरला.

भाड्याने व्हीसीआर आणून सगळ्यांनी ती कॅसेट दोनदा बघितली. "काय गोरी आलीय!" एवढंच कौतुक. गालांवरून ओघळणारं पाणी त्या खोलीत एकालाही दिसलं नाही.

काही आठवड्यांनी पुण्याहून मुलाच्या आईचा फोन आला. बाबांनी आधी हसत घेतला, मग त्यांचा आवाज उतरला. "नाही हो, रडत नाहीये ती. लाईटमुळे... मनाविरुद्ध कसं असेल? छे छे, आम्ही जबरदस्ती करणारे लोक नाही."

मला समजायला वेळ लागला नाही. सातासमुद्रापलीकडे बसलेल्या, मला कधीही न भेटलेल्या एका मुलाने विचारलं होतं, की ही रडतेय, हिला हे लग्न नको आहे का? मी बाबांच्या हातातून रिसीव्हर घेतला.

"काकू, मी रडत नव्हते, लाईटने पाणी आलं. पण मला हे लग्न करायचं नाहीये. विचारल्याबद्दल त्यांना माझे आभार सांगा."

फोन ठेवल्यावर बाबा माझ्याकडे वळले. "हे आधी सांगता येत नव्हतं?"

"तुम्ही विचारलं कुठे, बाबा?"

नेमके त्या दिवशीही आलेले मामा बडबडत होते, "म्या म्हनलं हुतं, लाईट तिरका पायजे." त्यांच्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही. मी आईकडे पाहत होते. निदान हिला तरी कळलं असेल, असं मला वाटत होतं.

आई कळवळून म्हणाली, "मला कसं कळणार गं? मी तर बघतच राहिले होते. किती गोरी दिसत होतीस त्यात."