अठरा गाण्यांची राखण

मला एका जागी बसून गाणं ऐकता येत नाही. पहिल्यापासूनच नाही. उठतो, पाणी पितो, खिडकी उघडतो, गाडीची चावी कुठं ठेवली ते पाहतो, आणि तोवर गाणं संपतं. म्हणून कॉलेजात असताना वर्ध्याच्या एका दुकानातून मी जी सीडी घेतली, ती माझ्यासारख्या माणसासाठीच काढलेली होती असं मी आजही म्हणतो. एका जुन्या इंग्रजी रॉक बँडची गाजलेली अठरा गाणी एकाच सीडीत. बँडचं नाव सांगत नाही. सांगितलं की लोक गाणी सोडून माझीच परीक्षा घ्यायला लागतात. कव्हरवर चार केसाळ माणसं होती, शेतात जागल करून थेट फोटो काढायला आल्यासारखी.

त्या अठरा गाण्यांत एकही गाणं वाट पाहायला लावत नाही. सुरू झालं की तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला मानगूट धरतं. शब्द मला तेव्हा कळत नव्हते, आता अर्धेमुर्धे कळतात, त्यानं काही बिघडलं नाही. हॉस्टेलच्या खोलीत ती सीडी इतकी वाजली की एक गाणं संपत आलं की पुढच्याचा ठोका आधी माझ्या बोटांत वाजायचा. पेपरच्या आदल्या दिवशी मी खोलीत येरझाऱ्या घालत पाठ करायचो आणि मागं हे चौघं ओरडत असायचे. बी.एस्सी. झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. ही गोष्ट मी कोणाला आपणहून सांगत नाही, पण कोणी विचारलं तर खाली मान घालूनही सांगत नाही.

आता मी वर्ध्याला एका खासगी ऑफिसात आहे, नालवाडीत राहतो. गावचं, आंजीचं शेत दादा पाहतो. गेल्या हिवाळ्यात नाल्याकडच्या तीन एकरांत त्यानं हरभरा घेतला होता. घाटे भरायला लागले तशी रानडुकरं यायला लागली. रोही म्हणजे नीलगाय, तेही यायचे, पण रोही खाऊन जातो, डुक्कर खातं त्याच्या दुप्पट लोळून सपाट करतं. दादानं एक भोंगा, छोटा अँप्लिफायर आणि ट्रॅक्टरची जुनी बॅटरी अशी जोडणी केली. त्यात पेन ड्राइव्ह लावायचा आणि संध्याकाळी चालू करून घरी यायचं. पेन ड्राइव्हमध्ये कुत्र्यांचं भुंकणं होतं. आठवडाभर डुकरं आली नाहीत. मग त्यांना कळलं की हे कुत्रं जागचं हलत नाही.

रविवारी मी गेलो तेव्हा दादा बांधावर बसून वायरला टेप गुंडाळत होता.

"तुयं ते इंग्रजी हाये ना," तो म्हणाला, "हॉस्टेलात लावत होता ते. ते दे मले."

"ते कशाले?"

"मी एकदा खोलीवर आलतो तुया. दोन मिनिटं बसवलं नाई मले. डुकराले कसं बसवन?"

कॉलेजातच सीडीवरून एका पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवलेली अठरा गाणी मी एक ते अठरा आकडे टाकून दिली. आणि हरभरा वाचला. खरंच वाचला. डुकरं नाला ओलांडून यायची, काठावर थांबायची आणि परत फिरायची, सकाळी खुरांवरून दिसायचं. माणसाला दम घ्यायला सवड नाही, तशी जनावरालाही नव्हती. एक संपलं की दुसरं उठलंच, अठरावं संपलं की पुन्हा पहिलं, पहाटेपर्यंत.

शेतात त्या गाण्यांचा संसारच थाटला. संध्याकाळी भोंगा चालू करायचं काम बाबांचं. चालू करून ते धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून थर्मासमधला चहा पीत, आणि तिसरं गाणं संपलं की घराकडे निघत. निंदायला येणाऱ्या बाया जाताना म्हणत, "चला वं, बाबाचं भजन लागलं." शेजारच्या शेतकऱ्यानं एक दिवस मला अडवून विचारलं, "ते पाचव्या नंबरचं अलग भेटते का? आमच्याकडे रोही लय हाये." मला हसू आलं आणि छातीही थोडी फुगली. हॉस्टेलात मला कोणी गाण्यांतलं जाणकार म्हटलं नव्हतं.

ही गंमत मी ऑफिसात सांगितली, तिथंच चुकलो.

आमच्या ऑफिसात नागपूरहून रोज गाडीनं येणारा एकजण आहे. त्याच्याकडे घरी जुन्या तबकड्या आहेत, त्याच्या वडिलांपासूनच्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हसला, आणि विचारलं, "कोणता अल्बम लावला तुम्ही?"

मी सांगितलं, अठरा गाण्यांचा.

"ते तर हिट्स आहे यार. तो अल्बम नसतो. अल्बम वेगळा असतो, त्यात एकामागून एक गोष्ट असते, चढउतार असतात. हिट्स म्हणजे कसं, पुस्तक न वाचता गाईड वाचून पास होणं."

बाकीचे हसले. त्याच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मी बी.एस्सी. गाईडवरच केली. लेक्चर इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, पहिलं वर्षभर मला वर्गात काय चाललंय तेच कळत नव्हतं. गाईड नसतं तर मी आज दादाच्या बाजूला वखर धरून असतो. हे त्याला माहीत नव्हतं, पण माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी म्हणालो, "असेल."

दुसऱ्या दिवशी त्यानं चांगल्या मनानं मला पेन ड्राइव्ह आणून दिला. बँडचे सगळे अल्बम, पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमानं. "निवांत ऐका," म्हणाला.

निवांत हा शब्द माझ्या कामाचा नाही. तरी मी ऐकले. गाडीवर जाता-येता, जेवताना, दाढी करताना. अठरा सोडून उरलेली शंभरएक गाणी. काही चांगली होती, काहींत नुसतं कोणीतरी कुठंतरी गिटार जुळवून पाहतंय असं वाटायचं. एक तर आठ-नऊ मिनिटांचं होतं, त्यात सुरुवातीला वारा वाहतो, मग दूर कुठं एक सूर लागतो, मग तोही बंद. मी वाट पाहायचो. माझा पाय हलत राहायचा. मला वाटायचं, दोष गाण्यात नाही, माझ्यात आहे. मला पुस्तक वाचताच येत नाही, गाईडच येतं. झोपताना हाच विचार, ऑफिसात त्या माणसाकडे पाहिलं की हाच विचार.

पुढच्या रविवारी मी आंजीला गेलो आणि दादाच्या भोंग्यातला पेन ड्राइव्ह काढून नागपूरवाल्याचा लावला. आमच्या शेतात तरी आता अस्सल माल वाजेल, असं काहीसं डोक्यात होतं. दादाला मात्र दुसरंच कारण दिलं, शिकलेल्या माणसाला शोभेल असं.

"रोज तेच ते ऐकून डुकराले सवय होते. याच्यात शंभरावर गाणी हायेत, सवयच होनार नाई."

दादानं माझ्याकडे पाहिलं. "चालू हाये ते चालू राहू दे ना."

"दादा, याच्यामागं विज्ञान हाये."

"मंग लाव बाबा. तुले समजते." तो बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. जुना पेन ड्राइव्ह मी खिशात घातला, आणि नालवाडीला आल्यावर ऑफिसच्या कामासाठी तोच पुसून वापरला. मला त्याची गरज उरली नव्हती ना.

बुधवारी सकाळी दादाचा फोन आला. मी दात घासत होतो.

"तुयं गानं झोपलं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हंजे ये अन् पाह्य."

सुट्टी टाकून गेलो. नाल्याकडच्या बाजूनं हरभऱ्याच्या चौदा ओळी गेल्या होत्या. गेल्या म्हणजे खाल्ल्या कमी, लोळवल्या जास्त. घाटे चिखलात दाबलेले, झाडं मुळासकट उलटी. बाबा एक एक झाड उचलून पाहत होते आणि परत ठेवत होते. अजून पंधरा-वीस दिवस हरभरा उभा राहायला हवा होता, आणि डुकरांना वाट माहीत झाली होती. आज संध्याकाळी ती परत येणार, हे तिथं उभ्या असलेल्या तिघांनाही ठाऊक होतं.

मी भोंगा चालू केला आणि पुढं पुढं ढकलत गेलो. कुठं थांबलं असेल ते मला शोधायची गरज नव्हती. तेच ते वाऱ्याचं गाणं. त्यानंतर लागोपाठ आणखी दोन हळू. वीस मिनिटं आमच्या शेतात चढउतारातला उतार चालला होता आणि डुकरं आरामात जेवून गेली होती.

"काऊन बदललं होतं रे?" दादानं विचारलं. आवाज चढवला नाही. त्यानं आवाज चढवला असता तर मी विज्ञानच सांगितलं असतं.

"ऑफिसात एकजन म्हनला," मी म्हणालो, "का अठरा गान्याची सीडी ऐकनं म्हंजे गाईड वाचून पास होनं."

दादानं वाकून एक तुटकी फांदी उचलली. मग म्हणाला, "मंग? गाईड वाचूनच झाला ना तू पास?"

"हो."

"मीच आनून देत होतो ते. कापूस घेऊन आलो का तुई चिठ्ठी घेऊन पुस्तकाच्या दुकानात उभा राहात होतो. दुकानदार म्हने, भाऊ, कितव्या वर्षाचं पाह्यजे? मले काय माहीत. मी म्हनो, पास होते तेवढं दे." त्यानं ती फांदी नाल्याकडे फेकली. "त्याच्यात लाजाचं काय हाये?"

बाबा वाकलेलेच म्हणाले, "लाज नंतर करजो. जुनं लाव ते आधी."

जुनं नव्हतं. हे सांगायला मला गाईडची वाटली नव्हती इतकी लाज वाटली. सीडी नालवाडीला पेटीत होती, पण ती घालायला घरात किंवा ऑफिसात आता एकही यंत्र उरलं नव्हतं. दिवस चार हात वर आला होता. मी बांधावर बसलो, मोबाइलला पेन ड्राइव्ह जोडला आणि शंभरावर गाण्यांतून अठरा वेचायला सुरुवात केली.

इतका वेळ एका जागी मी आयुष्यात बसलो नसेन. पहिलं सापडलं, की त्याच्या शेवटाला दुसरं आपोआप बोटांत वाजायचं, मग ते शोधायचं. एक एक आकडा टाकत गेलो. बाकीचं पुसत गेलो. पुसताना हात थांबायचा, कारण त्यांतलं एखादं मला खरंच आवडायला लागलं होतं. एक मी अकराव्या आणि बाराव्याच्या मध्ये सरकवून पाहिलं. दादा मागून ऐकत होता.

"हे झोपीचं हाये. काढ."

"चांगलं हाये, दादा."

"तुया घरी चांगलं हाये. काढ."

काढलं, पण मोबाइलमध्ये ठेवून घेतलं. पंधरा झाली, सोळा झाली, सतरा झाली. अठरावं आठवेना, आणि शेतात मोबाइलला नेट मिळत नाही. सतरावं संपायचं आणि माझी बोटं नुसतीच थांबायची. मी उठलो, धुऱ्यावरून नाल्यापर्यंत गेलो, परत आलो. ऊन उतरायला लागलं होतं. सतरा लावली असती तरी डुकरांनी मोजली नसती, पण मला ते अपुरं ठेवून जाता येत नव्हतं.

"ते टाकलं का?" बाबांनी विचारलं. "खाकरते ते?"

"कोन खाकरते?"

"शेवटी. तो गाना गायच्या आधी खाकरते ना. मले वाटे, धुऱ्यावर कोनी आलं. पहिल्या दिवशी मी उठून पाह्यलं, कोन हाये म्हनून."

तिसऱ्या गाण्यानंतर घरी जाणाऱ्या माणसाला शेवटचं गाणं कसं माहीत, हे मी विचारलं नाही. पहाटे भोंगा बंद करायलाही तेच येत असत. एवढ्या वर्षांत हे खाकरणं मी कधी ऐकलं नव्हतं. शेवटच्या गाण्यापर्यंत मी खोलीत कधीच नसायचो, चहाला गेलेलो असायचो. अजून न पुसलेलं एक एक गाणं उघडून पाहत गेलो, आणि चौथ्या अल्बममध्ये तो माणूस खरंच खाकरला. अगदी आपल्याकडचा म्हातारा घरात शिरण्याआधी खाकरतो तसा.

बाबांनी भोंगा चालू केला. पहिल्या ठोक्याला झाडावरचे बगळे उडाले. बाबा थर्मास घेऊन बसले आणि दादा मला म्हणाला, "तू जाय आता. सकाळी फोन करतो."

मी गेलो नाही. तिसरं संपलं, बाबा निघाले, तेव्हा निघालो. नाल्याच्या पुलापर्यंत चौथं गाणं ऐकू येत होतं, पुढं रस्ता वळतो.

सकाळी दादाच्या फोनच्या आधीच मी चार वेळा मोबाइल पाहिला होता. "खूर हायेत," तो म्हणाला, "नाल्याच्या त्या बाजूनं. या बाजूनं नाई."

रविवारी ती अठरा गाणी माझ्या पेन ड्राइव्हवर उतरवून भोंग्याला लावली, आणि सोमवारी मी त्याचा पेन ड्राइव्ह परत द्यायला ऑफिसात त्या नागपूरवाल्याकडे गेलो. आत अठराच गाणी उरली होती, तेही सांगितलं. "बाकीची पुसली मी. आणि अठरापण मीच निवडली, घरी कामाला लागत होती."

त्यानं विचारलं, "मग अल्बम आवडले नाहीत?"

"एक गाणं आवडलं," मी म्हणालो. "ते ऐकायला बसावं लागतं. हरभरा निघाला की बसतो."