पहिल्या रकान्यातलं नाव

अंतिम सामन्याच्या मध्यंतरालाच मी विजेत्या संघाचं नाव फळ्यावर रंगवून टाकलं. ऑइल पेंटने. आणि तो संघ हरला.

ऐंशीच्या दशकात घाटकोपरच्या आमच्या भागात कबड्डीची साखळी स्पर्धा चालायची. आम्ही तिला ऐटीत ‘लीग’ म्हणायचो. या लीगची हद्द पिठाच्या गिरणीपासून दूध डेअरीपर्यंत, रमतगमत चाललं तर सात मिनिटांची. संघ सहा. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, वरच्या दोघांत अंतिम सामना. आमच्या चाळीच्या आवारात एक झाकलेली विहीर होती म्हणून आम्ही ‘विहीर’. समोरच्या चढावरच्या बैठ्या खोल्यांतले ते ‘टेकडी’. बाकीच्यांची बारशीही अशीच झालेली.

चषक फिरता होता, आणि फिरता फिरता दुसऱ्याच वर्षी त्याचा एक कान तुटला. त्यामुळे खरी इज्जत होती ती मंडळाच्या खोलीतल्या लाकडी फळ्याला. काळा फळा, पांढरी अक्षरं, तीन रकाने: वर्ष, विजेता, उपविजेता. हा फळा रंगवणारा मी. माझं अक्षर चांगलं होतं. माझा खेळ कसा होता ते फळाच सांगेल.

पहिल्या वर्षी विहीर जिंकली, कारण एका संघातले निम्मे लोक कुणाच्या तरी लग्नाला गावी गेले आणि दुसऱ्याला वेळच चुकीची कळली. दुसऱ्या वर्षी पुन्हा विहीर. यात मात्र खोट नव्हती. तिसऱ्या वर्षी डेअरी. त्यांच्याकडे साताऱ्याचा एक पाहुणा उतरला होता. तो नुसता मैदानात उभा राहिला तरी चढाई करणारा दम सोडून परत जायचा. त्यानंतर ‘पाहुणे चालणार नाहीत’ असा नियम झाला. चौथ्या वर्षी गिरणी. उपांत्य म्हणावा अशा सामन्यात आमचे दोघे जखमी झाले आणि नाइलाजाने मला उतरवलं. पहिल्याच चढाईत मी मधल्या रेषेवर पाय घसरून आपणहून आडवा झालो. समोरच्यांना पकड करायचेही कष्ट पडले नाहीत. त्या रात्री आई म्हणाली, “तुझं अक्षर छान आहे रे.” पाचव्या वर्षी परत विहीर.

आणि उपविजेत्याच्या रकान्यात? पहिलं वर्ष सोडलं तर टेकडी, टेकडी, टेकडी, टेकडी. ते नाव लिहायची मला इतकी सवय झाली होती की त्यातला ‘ड’ मी डोळे मिटून काढला असता.

टेकडीचा कप्तान मूळचा मालवणकडचा. कापड गिरणी बंद पडल्यावर एका कारखान्यात स्टोअरला लागलेला, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. त्याच्या उजव्या गुडघ्याला कायम क्रेप बँडेज. सहाव्या वर्षी त्याला चारकोपला घर लागलं. दसऱ्याला सामान हलणार होतं, म्हणजे ही त्याची शेवटची लीग. साखळी सुरू व्हायच्या आधी तो मला डेअरीपाशी भेटला.

“लेखक,” तो म्हणाला. मला तो लेखकच म्हणायचा, आणि त्यात कौतुक नव्हतं. “यंदा आमचं नाव पहिल्या रकान्यात घालायचं.”

“जिंका ना दादा. पिवळ्या रंगात लिहितो.”

“पिवळा नको, पांढराच लाव. आयेक लांबून दिसाक व्हया.”

ही आये म्हणजे त्याची आई, सगळ्या टेकडीला ठाऊक असलेली बाई. आमच्याकडे प्रथा अशी, की फळ्यावरचा पडदा प्रमुख पाहुण्यांनी ओढायचा आणि मग जिंकलेल्या संघाने त्याच्याखाली नारळ फोडायचा. अंतिम सामन्याला म्हातारी दर वर्षी नारळ घेऊन टेकडी उतरायची, आणि दर वर्षी तोच अख्खा नारळ घेऊन परत चढायची. दुसऱ्या दिवशी त्याची सोलकढी. एकदा कप्तान म्हणाला होता, “चार वर्षं हरण्याची सोलकढी पितोय रे आम्ही.”

आता माझ्या गाढवपणाकडे येतो. त्यालाही पूर्वपीठिका आहे, आणि तीही माझीच. आदल्या वर्षी मी सामना संपल्यावर घाईघाईने नाव रंगवलं होतं. पाहुण्यांनी पडदा ओढून कौतुकाने फळ्यावर हात फिरवला आणि त्यांच्या पांढऱ्याशुभ्र हातरुमालाची वाट लागली. आमचे अध्यक्ष निवृत्त मास्तर, त्यांना सगळे सर म्हणायचे. यंदा त्यांनी मला आधीच बोलावून बजावलं, “हे बघ, या वेळी रंग वाळलेला पाहिजे. कसा वाळवायचा ते तू बघ.”

मी बघितलं. रविवारी दुपारी चारला सामना. मध्यंतराला विहीर चोवीस, टेकडी नऊ. कप्तानाचा गुडघा सुजलेला, दोनदा बाहेर बसून आलेला. मी मनात हिशेब मांडला: नाव आत्ता रंगवलं तर पडदा उघडेपर्यंत अर्धा तास मिळेल, पंखा फुल्ल सोडला तर रंग धरेल. एवढ्या गुणांचा फरक भरून निघतो का कधी! आणि मला वाईटही वाटलं, खोटं नाही सांगत. पिवळा रंग मी खरंच आणला होता.

खोली मैदानाला लागूनच. स्टुलावर चढलो. विजेता: विहीर. उपविजेता: टेकडी. ‘ड’ झकास आला. बाहेर गलका वाढत होता. आपलीच पोरं गाजवतायत असं समजून मी चेव येऊन ‘विहीर’च्या खाली एक वेलबुट्टी काढली. पुन्हा गलका. मी वेलीला दोन फुलं आणली. मग पडदा टाकला, पंखा लावला, हात पुसत बाहेर आलो.

गुणफलकावर एकतीस-एकतीस.

मी शेजारच्याला विचारलं, “हे काय रे?”

“होतास कुठे तू? लोण दिला त्यांनी. आपले सातही बाद, दोन वेळा!”

शेवटची चढाई कप्तानाची. एका पायावर म्हणावं असा तो आमच्या अंगणात गेला. आमच्या कोपऱ्यातल्या गड्याने नेमका दुखरा गुडघा धरला. कप्तान ओरडला नाही, कारण दम घुमवत होता. नुसता लांब झाला, आणि मधल्या रेषेवर त्याची दोन बोटं टेकली. दोन बोटं! पंचांची शिट्टी वाजली आणि टेकडी मैदानात घुसली.

मी खोलीकडे धावलो. पण सरांना यंदा उशीर नको होता. पाहुणे आधीच फळ्यापुढे उभे, मागे कप्तान दोघांच्या खांद्यांवर, शेजारी नारळ घेतलेली म्हातारी. मी “सर, एक मिनिट,” म्हणेपर्यंत पाहुण्यांनी दोरी ओढली. पडदा ओल्या रंगाला चिकटला होता, तो फर्रकन सुटला. फळ्यावर विहीर आणि पडद्यावरही विहीर, उलटी, वेलबुट्टीसकट.

टेकडीचा एक जण पुढे आला. “म्हणजे आधीच ठरलं होतं काय रे? रेफरी पण घेतला होतात काय?” आमच्यातलाही एक शर्टाच्या बाह्या सारू लागला. सर माझ्याकडे असे बघत होते की शाळा असती तर अंगठे धरून उभा केला असता.

“कुणी ठरवलं नाही,” मी म्हणालो. “मध्यंतराला मीच रंगवलं. मला वाटलं, तुम्ही हरताय.”

कप्तान खांद्यांवरून खाली उतरला. लंगडत फळ्यापाशी आला आणि वेलबुट्टीकडे बराच वेळ बघत राहिला. “फुलं पण काढलीस?”

“दोन.”

“वेळ बरा होता तुला.” मग वळून आपल्या लोकांना म्हणाला, “गप रे सगळे. ह्याला एवढी अक्कल असती तर मध्ये रेषेवर पडला असता काय? लेखक, पूस ते. मी हाय इथं.”

रॉकेलच्या बोळ्याने मी पुसायला लागलो. ओला रंग पुसला की जात नाही, पसरतो, हे त्या दिवशी कळलं. काळ्या फळ्यावर राखाडी ढग तयार झाला आणि आदल्या वर्षीच्या ‘विहीर’चं शेपूटही त्यात गेलं. पाहुणे दुसऱ्या कार्यक्रमाचं निमित्त सांगून निघाले, या वेळी हात खिशात घालून. कप्तान स्टुलाशेजारी खुर्ची टाकून बसला, गुडघ्यावर बर्फाचं फडकं. हललाच नाही. मी ‘टे’ काढला, ‘क’ काढला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडून ‘ड’ वाकडा आला.

“राहू दे तसाच,” तो खालून म्हणाला. “माझा पाय पण वाकडाच हाय.”

रंग वाळेपर्यंत, म्हणजे पार रात्रीपर्यंत, आम्ही तिथेच बसलो. तो चारकोपच्या घराबद्दल बोलत राहिला. सेक्टरमध्ये सगळ्या इमारती सारख्या, दोनदा भलत्याच्या दारात गेला म्हणे. तिथे कबड्डी आहे का, असं मी विचारलं. त्याने बर्फाचं फडकं पिळून पुन्हा गुडघ्यावर ठेवलं.

मग म्हातारीने फळ्याखालच्या पायरीवर नारळ आपटला. एका घावात फुटला. तिला वाचता येत नव्हतं. तिने मुलाला विचारलं, “पयला आपला मां?”

“होय गे आये. पहिलं आपलं.”

तिने त्या राखाडी ढगातल्या नावावर बोट टेकवलं, वाळल्याची खात्री केली, आणि डोळे पुसले. मग खोबऱ्याचा तुकडा मला देता देता तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“खेळूक येना नाय म्हणान ह्येका लिवक बसयलो,” ती मुलाला म्हणाली, “आणि तां पण येना नाय!”