बोंबलाच्या खोक्यातला एसी

मागच्या मे महिन्यात मी एसी बनवला. मांजरांना तो फार आवडला.

दोष हाटकेश भागातल्या आमच्या हॉस्टेलचा. वर पत्रा, खाली आम्ही, मध्ये नुसता घाम! व्हिडिओ कॉलवर माझा अवतार पाहून आईने नाशिकहून फर्मान काढलं, "वाळून पार बोंबील झालायस! रविवारी येतोय आम्ही. खोली अशीच तापत असेल तर सामान बांधायचं आणि डोंबिवलीला मावशीकडे राहायचं!"

मावशीकडे! म्हणजे पहाटे प्राणायाम आणि वर कारल्याचा रस! त्यापेक्षा उकडून मेलेलं बरं.

जवळच्याच तारोडी गावातला माझा वर्गमित्र सॅव्हिओ घरून थर्माकोलचा खोका घेऊन आला. त्याची आई मासे विकते. झाकणाला दोन भोकं पाडली. एकावर टेबलफॅन, दुसऱ्यात पाइप, आत बर्फ. झाला एसी!

"अरे, लिंबू लावून घास ना आधी," सॅव्हिओ म्हणाला. "मम्मीचा बोंबलाचा खोका हाय तो."

"थंड हवेला कधी वास येतो का? सायन्स आहे ते!" (थर्मोडायनॅमिक्समध्ये नापास होऊन मला केटी लागली होती, ती उगाच नव्हे.)

रविवारी आई-बाबांचा 'स्टेशनवर उतरलो' असा फोन येताच मी फॅन लावला. खोली मस्त गार झाली. मग बर्फ वितळला आणि पाइपातून अख्खा मासळीबाजार बाहेर आला! आई दारात पोचली तेव्हा दोन मांजरं तिच्याआधीच आत येऊन बसली होती.

"शी! काय सडवलंयस इथे?" आईने पदर नाकाला लावला. "बांध सामान!"

माझ्या डोळ्यांपुढे कारली नाचू लागली.

"थांब गं जरा," मागून बाबा म्हणाले. बाबा मूळचे मालवणचे, नोकरीपायी नाशिकला अडकलेले. ते सरळ पाइपासमोर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. "ओले बोंबील! कुठे मिळतात रे इथे?"

"काका, घरीच चला ना," एसीची कमाल बघायला आलेला सॅव्हिओ म्हणाला. "मम्मी आज तळतेय."

तारोडीला आई 'नको, नको' म्हणत चार बोंबील खाऊन बसली.

"पोराला हितंच ऱ्हाऊ द्या, ताई," सॅव्हिओची आई तिला म्हणाली. "आमी हाय ना!"

मावशीचं नाव पुन्हा निघालं नाही. मला इतका आनंद झाला की परतल्यावर मी खोका स्वतःहून घासला!

आता एक रविवार सोडून बाबा 'पोराचा अभ्यास बघायला' येतात. तारोडीला जेवतात आणि दुपारी माझ्या खाटेवर, माझ्या फॅनपुढे घोरतात. मी खाली ओला टॉवेल अंथरून पडतो. दोन्ही मांजरं उशाशी बसून माझ्याकडे टक लावून बघत असतात. आईसारखंच त्यांनाही मी बोंबील वाटत असणार!