मोहरीलकाकूंचे छत्तीस डबे

केदारने घर घेतलं ऑगस्टमध्ये. किल्ली फिरवून तो मागच्या अंगणात उतरला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की घराचा ताबा आधीच कोणीतरी घेतलेला आहे.

ताबा घेणारा होता लाल भोपळ्याचा वेल. शेजारच्या कुंपणावरून निघून, केदारचं अंगण जिंकून, मागच्या लाकडी डेकच्या पायऱ्या चढून तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत डोकावत होता. एसीच्या पेटीवर एक भोपळा असा मांडी ठोकून बसला होता, की घरभाडं त्याच्याकडेच भरावं. बँकेने घर केदारच्या नावावर केलं होतं, पण वेलाला कोणी कळवलं नव्हतं.

केदारने वाट काढायला पाय उचलला, तोच पानांच्या आतून आवाज आला, "तिथे नको बाप्पा! खाली कळी आहे!"

पानं हलली. आधी एक गवती टोपी वर आली, मग चष्मा, मग खुरपं धरलेला हात, आणि मग समुद्रमंथनातून एकेक रत्न निघावं तशी सावकाश एक साठीची बाई निघाली. केदार पुढे कायम शपथेवर सांगायचा, की त्या क्षणी अमेरिकेतल्या रॅली शहराच्या विमानतळावर उतरणारं विमान आकाशात जागीच थबकलं होतं. त्याची बायको राधिका म्हणायची, "विमान नाही थबकलं. तू 'आई गं' म्हणून ओरडलास, एवढंच झालं."

त्या 'आई गं'नेच घात केला.

"मराठी?" बाईंनी विचारलं. "कुठचे?"

"पुण्याचे."

"असू दे," बाई म्हणाल्या. एखाद्याला जन्मजात दमा असावा आणि आपण तो मोठ्या मनाने पोटात घालावा, तसं. "मी मोहरील. नागपूर. खाली बघून चाल."

दहा मिनिटांनी त्यांना केदारचा व्हिसा, पगाराचा अंदाज, गृहकर्जाचा दर आणि सासुरवाडी माहीत झाली होती. केदारला एवढंच कळलं होतं, की शुक्रवारी भोपळ्याचं भरीत येणार आहे आणि नाही म्हणायची सोय नाही.

मृणालिनी मोहरील नवऱ्यामागून अमेरिकेत आल्या त्याला तीसएक वर्षं झाली. कॅरी गावाच्या पलीकडे एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांनी आयुष्यभर गोळ्यांची तपासणी केली. रिटायर झाल्या तेव्हा कंपनीने केक कापला आणि सुटकेचा नि:श्वास सोडला. मग ती सगळी तपासणी मोहल्ल्याच्या वाट्याला आली. कोणाचं गवत वाढलंय, कोणाचा कुत्रा खंगलाय, कोणाच्या तुळशीला (ते तिला बेसिल म्हणत, बिचारे) पाणी जास्त होतंय, सगळं काकूंच्या नजरेखालून पास व्हायचं. त्र्यंबककाका, म्हणजे यजमान, फार बोलत नसत. बोलायची पाळी कधी आलीच नव्हती.

मोहल्ल्याचं नाव हॅडली मिल. शंभर वर्षांपूर्वी इथे कापडाची गिरणी होती. गिरणी बुडाली, पण मालकाने कामगारांसाठी बांधलेली लाकडी घरं राहिली. बुटकी, पुढे व्हरांडा, त्यात झोपाळा, मागे बऱ्यापैकी जागा. कोपऱ्यावर 'ऐतिहासिक वस्ती' असा पितळी फलक होता. पण गावाच्या झोनिंगच्या, म्हणजे कुठे काय बांधायचं ते ठरवणाऱ्या, नकाशात मात्र अजून गिरणीच चालू होती. तिथल्या कुठल्याही प्लॉटवर चार मजली अपार्टमेंट बांधायला कायद्याने मोकळं रान होतं, फलकाला कोणी विचारत नव्हतं.

हे एका बिल्डरच्या वाचनात आलं. काकूंच्या दक्षिणेला, कोपऱ्यावर, मिस्टर हॉलिस यांचा दुप्पट मोठा प्लॉट होता. बिल्डरने त्यावर डोळा ठेवला.

दक्षिणेला चार मजले म्हणजे काकूंच्या मेथी-वांग्यांच्या नशिबी सकाळपासून संध्याकाळच. तीस वर्षं वाफ्यात खत घालून काकूंनी कॅरोलायनाच्या लाल चिकणमातीचं काळं सोनं केलं होतं.

"पण काकू," राधिका एकदा म्हणाली, "लोकांनी राहायचं कुठे? आम्हीपण कालपर्यंत अपार्टमेंटमध्येच होतो ना."

"राहू दे ना! गिरणीची एवढी जागा ओसाड पडून राहिली, तिथे दहा मजले बांध म्हणा, मी नारळ घेऊन जाते. माझ्या मेथीच्या डोक्यावर कशाला?"

राधिकाला ते पटलं. बिल्डरला पटायची गरज नव्हती, त्याच्याकडे वकील होता.

उपाय एकच होता. पूर्ण वस्तीचं झोनिंग बदलून ती 'सिंगल-फॅमिली' करून घ्यायची. एका प्लॉटवर एकच घर, एका कुटुंबाचं. टाउन कौन्सिलची तयारी होती, फेब्रुवारी अखेरीस सुनावणीही लागली. पण नियम असा होता, की जमिनीवरचे हक्क कमी होणार असतील तर प्रत्येक मालकाची लेखी संमती हवी. काकूंचं धरून सदतीस घरं. एकाने जरी नाही म्हटलं, तरी सगळं मुसळ केरात.

मोहल्ल्याच्या समितीची माणसं संमतीपत्रं घेऊन दारोदार फिरली. लोकांनी त्यांना विमा विकणारे समजून दारं लावून घेतली.

"नुसता कागद नेला तर माणूस दार लावून घेते," काकूंनी निकाल दिला. "चकली नेली तर उघडते. दिवाळी येऊन राहिली. बघ आता."

काकूंच्या बेसमेंटमध्ये स्टीलचे डबे होते. दर नागपूरवारीत इतवारीच्या बाजारातून त्या डझनभर उचलत आणि सगळ्यांवर नाव घालून घेत. सौ. मृणालिनी त्र्यं. मोहरील. खाली तारीख.

"विमानतळावर कस्टमवाल्याने मला विचारलं होतं," त्र्यंबककाका म्हणाले, "हॉटेल काढताय का म्हणून." हे त्यांचं त्या वर्षातलं सर्वांत लांब वाक्य.

दिवाळीत छत्तीस डबे निघाले. खाली चिवडा, मधे चकल्या, वर बेसनाचे लाडू, आणि झाकणाच्या आत प्लॅस्टिकच्या पिशवीत संमतीपत्र आणि पेन. हिशेब सोपा होता. डबा म्हटला की तो परत येणार. परत येणारा डबा कोणी रिकामा पाठवत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतो. इथे साखरेऐवजी सही यायची.

केदार हातगाडी ढकलत हिंडला. लोकांनी 'ओ माय गॉड' म्हणत डबे घेतले. दोन आठवड्यांत काकूंच्या टपालपेटीत तीसेक थँक-यू कार्डं आली. फुलांची, हरणांची, एक तर हाताने रंगवलेलं. डबे मात्र केदारचा आणि आणखी एक सोडला, तर आले नाहीत. सही आली ती केदारचीच.

काकूंच्या हिशेबात एक चूक झाली होती, आणि ती मराठी बाईच करू जाणे. डबा हा परत येण्यासाठीच जन्माला येतो, हे जगाला माहीत आहे असं त्या धरून चालल्या होत्या. अमेरिकेत खाऊ ज्यातून आला ते भांडंही खाऊबरोबर आपलंच होतं. त्यावरचं नाव लोकांना नक्षी वाटलं. कागदाला त्यांनी पाककृती समजून ड्रॉवरमध्ये टाकलं.

"कार्डांचा काय फराळ करू मी?" काकू कडाडल्या. "चौतीस डबे! एकाला लाज नाही! केदार, चपला घाल."

"काकू, गिफ्ट परत मागायचं? इट्स सो ऑकवर्ड, यार... म्हणजे, काकू."

"गिफ्ट कोणी दिलं? डबा दिला मी!"

आणि वसुली सुरू झाली. काकू दार वाजवत, उघडलं की सरळ स्वयंपाकघरात. कुठे डब्यात खिळे होते, कुठे कुत्रा पाणी पीत होता. एका घरी डब्यात झेंडूचं रोप लावलं होतं. ते काकूंनी कुंडी मागवून स्वतः हलवलं आणि पाणी किती घालायचं ते सांगितलं. सहीचा विषय त्या काढतच नसत. फक्त डबा पुसत, आत बघत आणि एक उसासा टाकत.

"काही चुकलं का?" घरची बाई विचारी.

"नाही हो. आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत. पण तुम्हाला कसं माहीत असणार?"

समोरची बाई कानापर्यंत लाल. "मग काय घालू मी? केक? अंडी?"

"कशाला त्रास? तो ड्रॉवरमधला कागद आहे ना, तोच घाला. सही करून."

एवढ्या स्वस्तात सुटल्याच्या आनंदात लोक सही करीत. काहींनी वर केकही घातला. मग काकू बसून समजावत, कशावर सही केली, बिल्डर काय करतोय, काय जाईल, काय राहील. समजल्यावर सही मागे घ्यायची मुभा होती. एकानेही घेतली नाही. उलट दोघांनी शेजाऱ्याला फोन करून आधीच सांगून ठेवलं की डबा धुऊन ठेव, त्या निघाल्यात. नाताळापर्यंत पस्तीस डबे आणि पस्तीस सह्या घरी आल्या. केदार आठवडाभर ऑफिसात प्रोजेक्टपेक्षा डब्यांचंच स्टेटस सांगत होता.

राहिली एक सही. मिस्टर हॉलिस.

गंमत म्हणजे केदार सोडला, तर मोहल्ल्यात डबा वेळेवर परत करणारा तो एकटाच माणूस. दिवाळीनंतर दोन दिवसांनी तो स्वतः आला होता. उंच, ऐंशीला टेकलेला, तोंडात 'मॅम' शिवाय शब्द नाही. डबा घासून लख्ख, आत स्वतःच्या झाडाचे, अक्रोडासारखे दिसणारे सोललेले पिकान. वर संमतीपत्र, जसंच्या तसं, कोरं.

"माझ्या आईने शिकवलंय, मॅम. शेजाऱ्याचं भांडं रिकामं द्यायचं नाही. आणि माझ्या वडिलांनी शिकवलंय, आपल्या जमिनीवर दुसऱ्याची सत्ता चालू द्यायची नाही."

दार लागल्यावर काकूंनी एक पिकान तोंडात टाकला. सगळ्या अमेरिकेत त्यांना तोडीस तोड एकच भेटला होता, आणि नेमका तो विरुद्ध पार्टीत होता. डबा भरून आला, म्हणजे वसुलीला जायची सोयही संपली.

"आता काय?" केदारने विचारलं.

"आता पाळी माझी," काकू म्हणाल्या आणि तिळाच्या वड्या थापायला बसल्या.

वड्या गेल्या, अंजिराचा मुरंबा आला. मसालेभात गेला, रताळी आली. भरली वांगी गेली, भाजलेले शेंगदाणे आले. काकू पाठवत आणि हॉलिस परतवत. कागदाबद्दल दोघंही चकार शब्द काढत नसत. मात्र टीका चालू होती.

"तुमची भेंडी जून होते, मिस्टर हॉलिस," काकू कुंपणावरून सांगत. "बोटाएवढी असतानाच तोडायची."

"आणि तुमच्या भाजीनं, मॅम, माझं नाक तीन दिवस वाहिलं," हॉलिस टोपी उचलून म्हणत. "आणखी आहे का?"

फेब्रुवारी उजाडला. बाग उजाड. काकूंनी मात्र वेग वाढवला. आधी आठवड्याला एक डबा जायचा, आता दिवसाआड जाऊ लागला. एक दिवस केदारच्या डोक्यात प्रकाश पडला.

"काकू, त्याचं तळघर रिकामं व्हायची वाट बघताय तुम्ही! मुद्दाम करताय!"

"मी?" काकू पुरण वाटत म्हणाल्या. "मी शेजारधर्म करून राहिले."

दुकानातलं आणून डब्यात घालेल, तर तो हॉलिस कसला! मुरंबा संपला, रताळी संपली, शेंगदाण्यांचं पोतं झटकून झालं. सुनावणीच्या आदल्या दिवशी काकूंनी सहा पुरणपोळ्या आणि वर तुपाची वाटी पाठवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत डबा आला नाही.

टाउन हॉल खच्चून भरला होता. बिल्डरचा वकील पहिल्या रांगेत पाय हलवत बसला होता. छत्तीस संमत्या आहेत, एक नाही, म्हणजे नियमाप्रमाणे प्रस्ताव बाद, हे सांगायला त्याला अर्धं मिनिट पुरलं. महापौरबाईंनी चष्मा काढला. काकूंचा चेहरा राधिकाला बघवेना. त्र्यंबककाकांनी काकूंच्या हातावर हात ठेवला.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. कोट घातलेले, टाय बांधलेले मिस्टर हॉलिस मधल्या वाटेने चालत आले. हातात डबा.

"घरात घालण्यासारखं दुसरं काही उरलं नाही, मॅम," ते काकूंना म्हणाले, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं. "आणि रिकामा देणं मला जमत नाही. आई वरून बघतेय."

काकूंनी झाकण उघडलं. आत सही. त्या उठल्या, माइकपर्यंत गेल्या. प्रत्येकाला तीन मिनिटं होती. त्यांना दोन वाक्यं पुरली.

"सदतीसच्या सदतीस घरांनी दिलंय. आता तुम्ही आम्हाला रिकामं परत पाठवू नका."

कौन्सिलचे सातच्या सात हात वर गेले. हॉल उठून उभा राहिला. डेकवर कॉफी पिताना एरवी एकमेकांना हात करायचाही आळस असलेली माणसं मिठ्या मारत होती. केदारने अशी शिट्टी घातली की पोलिसाने वळून बघितलं. त्र्यंबककाका ओरडले, "मृणाल!" आणि पुढे बोलायला काही सुचलं नाही म्हणून पुन्हा तेच ओरडले. वकील फाइल घेऊन बाजूच्या दाराने गेला. त्या रात्री मोहल्ल्यातल्या प्रत्येक व्हरांड्यात दिवा होता, आणि सर्वांत जास्त गलका मोहरीलांच्या अंगणात होता. मिस्टर हॉलिस मधोमध खुर्चीत बसून पुरणपोळी हातानेच खायची असते, हे मोहल्ल्याला शिकवत होते.

मिस्टर हॉलिसनी पुढच्या उन्हाळ्यात प्लॉट विकला आणि ते मुलीकडे जॉर्जियाला राहायला गेले. नव्या मालकाने जुनं घर पाडून नियमात बसणारं, पस्तीस फूट उंच, सहा बाथरूमचं सिंगल-फॅमिली घर बांधलं. काकूंच्या वाफ्यात ऊन दुपारी दोननंतर येतं. त्या घरात दोन माणसं राहतात.