मुंगीचे सहा पाय

बालवाडीच्या बाई मोबाइलवर किड्यांची चित्रं पाठवतात आणि माझी सून ती झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणते. नुसत्या जाड रेघा, आत मुलांनी रंग भरायचा. काल मुंगी होती. माझी चार वर्षांची नात काळा खडू हातात धरून नुसतीच बसली.

"आजी, हिला चारच पाय आहेत."

"मग किती पाहिजेत? भर रंग."

तिने मला हाताला धरून ओट्याशी नेलं. साखरेच्या डब्यापाशी रांग होतीच. चष्मा लावून मोजले, सहा निघाले. पन्नास वर्षं मी मुंग्यांवर हळद टाकते आहे, पण एकीचेही पाय कधी मोजले नव्हते. मी चौथी शिकले. छापलंय म्हणजे खरं, एवढंच शिकले.

नातीने चित्रातल्या मुंगीला दोन पाय जोडून टाकले. सून म्हणाली, "अगं, रेघेबाहेर गेलं की बाई स्टार देत नाहीत. मागच्या वेळी किती रडलीस!"

स्टारसाठी पोर जीव टाकते. तरी म्हणाली, "मग मुंगी चालेल कशी?"

आज कागद परत आला, त्यावर स्टार नव्हता. ती रडली, जेवली आणि झोपली. पाय मात्र खोडले नाहीत. मला पोरांचं कौतुक लवकर वाटत नाही. हिचं वाटलं.

संध्याकाळी मुंग्या पुन्हा ओट्यावर आल्या. हळद टाकायची ती मी टाकलीच, पण आधी एकीचे पाय मोजले.