मधे घमेलं खाली न ठेवणारा मेहुणा

जगातलं कुठलंही काम एका ओळीत मावतं, असं मनापासून मानणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा मेहुणा आहे. बायकोचा धाकटा भाऊ. रोडपालीत राहतो आणि घरी बसून कुठल्याशा कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहितो. त्याच्या प्रोग्रॅममध्ये एक फंक्शन आपलं काम उरकून उत्तर दुसऱ्याच्या हातात देतं, दुसरं तिसऱ्याच्या, आणि शेवटी तयार माल बाहेर पडतो. मला काही केल्या कळेना, तेव्हा त्याने खिडकीतून समोरच्या बांधकामावर स्लॅब ओतत होते तिकडे बोट दाखवलं. "भावजी, घमेली बघा. हातोहात वर चाललीत. मधे कोणी खाली ठेवतो का? तसंच. मधल्या मालाला नाव नाही, जागा नाही."

घरातही हेच. ओट्यावर भांडं टेकलेलं त्याला खपत नाही. बांगडा सुरीखालून हळदीत, हळदीतून तव्यावर, तव्यावरून थेट माझ्या ताटात. एकदा मीठच नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "चाखायला मधे थांबलो नाही." पनवेलच्या बाजारात तो एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो, कोथिंबीर राहिली तर चार पावलं मागे फिरणार नाही, पुन्हा पहिल्या टोकाला जाऊन सगळी फेरी मारणार. असा माणूस मुलीच्या लग्नाची यादी हाताने लिहील, ही आशाच नव्हती. दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या वह्या, फोनमधली नावं, सगळं त्याने एकत्र टाकलं आणि साखळी जोडली: गेलेली माणसं वगळ, दोनदा आलेली नावं एकदाच ठेव, गावानुसार लाव, पत्ते छाप. चार पायऱ्या, एक ओळ. पत्त्यांचे गठ्ठे पाहून मीसुद्धा त्याची पाठ थोपटली.

करंजा गावच्या पत्रिकांचा गठ्ठा वाटायला माझ्याकडे आला. तिथे त्याची आत्या राहायची. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, सुकट विकून कॉलेजात घातलं. शिवाय ती धवलारीण. माझ्या सासुरवाडीत हळदीपासून प्रत्येक विधीला धवले, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी, गायले जातात, आणि ते गायला धवलारीण नसेल तर मांडवात कोणी पुढचं पाऊल टाकत नाही. गठ्ठ्यात आत्याच्या घरचं पाकीट नव्हतं. तिला तर तो स्वतः नारळ घेऊन बोलावणार, असं धरून मी तिच्या दारावरून पुढे गेलो. याची मला आजही लाज वाटते.

हळदीला चार दिवस उरले आणि गाडी कधी पाठवू, हे विचारायला माझ्या बायकोने तिला फोन केला. आत्या म्हणाली, "मना कोनी बोलावलाय? पत्रिका शेजारनीला आली. तीच दाखवाया आलेली. मी नाय येत."

शेजारणीचं नाव, आडनाव, गाव, तिन्ही आत्यासारखीच होती, फक्त घर नंबर वेगळा, आणि मी घर नंबर बघूनच पाकिटं वाटली होती. पण आत्या यादीतून कुठे गळली ते मेहुण्याला दिसेना, कारण त्याच्या साखळीत मधे बघायला जागाच नव्हती. शेवटी त्याने प्रत्येक दोन पायऱ्यांच्या मधे एक रिकामी पायरी घातली. हातात येईल ते नुसतं बघायचं, आपल्याला दाखवायचं आणि जसंच्या तसं पुढे द्यायचं. दुसऱ्या पायरीपर्यंत त्या नावाच्या दोघी होत्या; दोनदा आलेलं नाव समजून तिने एक काढली, आणि तिसरीला एकच उरली होती.

आम्ही नारळ घेऊन करंजाला गेलो. आत्या बोंबील वाळत घालत होती. तो बिचारा साखळी, पायऱ्या, दोनदा आलेली नावं असं समजावत राहिला. ती पाठमोरीच म्हणाली, "मंग चूक मशिनीची हाय का तुजी?"

"माझी," तो म्हणाला. पन्नाशीचा माणूस लहान पोरासारखा रडला. माझेही डोळे भरले.

"दे नारल," आत्या म्हणाली. "आनी तिलाबी गाडीत घे. पत्रिका तिच्याकडं हाय."

दोघी आल्या. आत्याने दोन दिवस घसा बसेपर्यंत धवले गायले.

गेल्या वर्षी आत्या गेली. मेहुणा अजून एका ओळीतच लिहितो, बांगडा अजून ओट्याला टेकू देत नाही. फक्त आता मधे थांबून मीठ चाखतो. त्याच्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये ती बघणारी पायरी असते आणि तिचं नाव आहे 'आत्या'. कंपनीतले तरुण सहकारी विचारतात, ही काही करत नाही, काढून टाकू का? परवा मीही तेच विचारलं.

"काही करत नाही ती, भावजी," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "नुसती बघते. असू दे."