रुमालाखालची चार बोटं

माझ्या सख्ख्या भाचीने मला फसवलं. पूर्ण एका वर्षाला फसवलं. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत जुन्या ट्रॅक्टरच्या व्यवहारात मला गंडवणारा माणूस अजून जन्मायचा आहे, असं मी आजवर छाती पुढे काढून सांगत आलो. धुराच्या रंगावरून मी इंजिनाचं वय सांगतो. समोरचा दुसऱ्यांदा चहा मागवायला लागला की मी चपला शोधायला लागतो, कारण दुसरा चहा म्हणजे गिअरबॉक्समध्ये काहीतरी आहे. अशा मला, जिला मीच सौदा करायला शिकवलं त्या पोरीने, ओतूरच्या माझ्याच ओट्यावर बसून फसवलं. राग अजून गेलेला नाही.

बहिणीचं घर डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. तिथली एसटी कधी येईल हे ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं, म्हणून पोरगी पाचवीपासून शाळेला आमच्याकडे राहिली. मी तेव्हा नुकताच बैलबाजारातून ट्रॅक्टरकडे वळलो होतो. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं धरायची. जितकी बोटं, तितका भाव. बघणाऱ्यांना नुसता रुमाल हललेला दिसतो. हा खेळ तिला इतका आवडला की किती भाकरी वाढू असं मामीने विचारलं, तरी ही मामीच्या पदराखाली हात घालून दोन बोटं धरायची. एकदा धरलेली बोटं म्हणजे शब्द, तो फिरवायचा नाही, हेही मीच तिला शिकवलं. त्याचं फळ पुढे येतंच आहे.

बाकी मुली बांगड्या जमवतात, ही दगड जमवायची. दप्तरात दगड, उशाशी दगड, दिवाळीत लाडवाचा डबा उघडला तर त्यात दगड. कंडक्टरने एकदा तिची पिशवी उचलून पाहिली आणि लगेज फाडू का म्हणून विचारलं. तर ही त्यालाच एक पांढरा चकाकणारा खडा दाखवून म्हणाली, "काका, ह्यो लाव्ह्यातल्या बुडबुड्यात तयार झालाय." त्याने लगेज फाडलं नाही, पण पुढचे तीन स्टॉप तो खडा परतही दिला नाही.

दगड चाटायची तिची सवय मात्र मामीला सहन व्हायची नाही. ओला केला की त्यातले कण नीट दिसतात, असं ही सांगायची. मामी म्हणाली, "मंग बाटलीतलं पानी टाक की त्याच्यावर."

"ते पेयाला हाय, मामी."

घोडेगावला एका लग्नाला आम्ही जीपने निघालो होतो. वाटेत रस्त्यासाठी डोंगर नुकताच कापलेला. हिने जीप थांबवली, नव्या साडीचा काचा मारला आणि पर्समधून हातोडी काढून वर चढली. खालून मी ओरडलो, "अगं, लगीन लागंल तिकडं."

वरून उत्तर आलं, "लगीन काय, परत कुनाचंतरी लागंल मामा. ही दरड उद्या सिमेंट मारून झाकत्यात." आम्ही पोचलो तेव्हा नवरा-नवरी जेवायला बसले होते.

बारावीनंतर तिला भूगर्भ अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. त्यातला 'भूगर्भ' मी ऐकलाच नाही. इंजिनिअर म्हणजे घर बांधणारा, एवढंच मला कळत होतं, आणि घर तर मला बांधायचंच होतं. शिनोलीच्या पुढे, धरणाच्या पाण्याकडे तोंड केलेला उताराचा एक तुकडा मी नुकताच घेतला होता. विकणारा म्हातारा सरळ माणूस. तो म्हणाला होता, "पावणं, आमच्या चार पिढ्यांत कुनी तिथं घर न्हाई बांधलं. गवतापुरतं ठेवलंय." शहाण्या माणसाने यावर विचार केला असता. मी या वाक्यावर भाव आणखी पाडला, आणि महिनाभर त्याच आनंदात होतो.

ठरलं असं की भाची शिकून यायची आणि पायाची पहिली कुदळ तिच्या हातून मारायची. मी विचारलं, "किती वर्षं?" तिने माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढला, आमच्या हातांवर टाकला आणि माझी चार बोटं धरली. मी तीनवर आणायचा प्रयत्न केला. ती हलली नाही. सौदा झाला. मग कॉलेजचा फॉर्म आला, त्यावर पालक म्हणून माझी सही हवी होती. बोटं धरून झाल्यावर कागद वाचायचा म्हणजे समोरच्याचा अपमान. मी न वाचता सही केली. त्या फॉर्मवर स्वच्छ लिहिलं होतं की पदवी आणि पदव्युत्तर असा एकत्र अभ्यासक्रम आहे आणि तो पाच वर्षांचा आहे.

पहिल्या सुट्टीत मी तिला तुकडा दाखवायला नेलं. वाटलं, नाचेल. ती तुकडाभर फिरली. झाडांच्या बुंध्यांना हात लावून पाहिला, बुंधे खाली कोयत्यासारखे वाकलेले होते. माती चाखली. मी विचारलं, "कसा हाय?"

"गवत लई चांगलं येत आसंल, मामा."

चार वर्षं झाली. मी गवंडी सांगून ठेवला, पायाचे दगडही आणून टाकले. भाची आली ती लोखंडी खुंट्यांचा भारा घेऊन. म्हणाली, "आजून एक वर्ष हाय." मी जे काही बोललो ते ओतूरच्या एसटी स्टँडपर्यंत ऐकू गेलं असं लोक सांगतात.

"चार बोटं व्हती का न्हाई?"

"व्हती."

"मंग?"

"पाच धरली आसती तर तुमी चारवर आनलं आसतं. मला पाच पायजे व्हती."

आणि मी खरंच आणलं असतं. वर तिच्या शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाचा विषय काय, तर माझाच तुकडा. उतारावर रंगवलेल्या खुंट्या ठोकल्या आणि वरच्या पक्क्या कातळापासून दर पंधरा दिवसांनी त्यांचं अंतर मोजू लागली. टेपचं दुसरं टोक धरायला कोण? मी. शिव्या देत धरायचो, पण धरायचो. पावसाळा लागला आणि खुंट्या चालायला लागल्या. आधी बोटभर, मग वीतभर. वर मुरूम, खाली पाण्याकडे कललेला काळा कातळ, आणि मधे पाणी शिरलं की ओल्या साबणावर पाय पडल्यासारखं होतं, झाडांचे बुंधेही त्याच घसरण्याने वाकलेत, असं तिने मला चिखलात उभं करून समजावलं.

दिवाळीत मी शेवटचा प्रयत्न केला. "निम्म्या जागंवर बांधू."

"न्हाई, मामा."

"एक खोली?"

"न्हाई."

"बरं, गोठा तरी?"

तिने रुमाल घेतला, आमच्या हातांवर टाकला आणि एकही बोट धरलं नाही. नुसती मूठ मिटून ठेवली. इतके बाजार केले, रुमालाखाली रिकामी मूठ मला कुणी दिली नव्हती. मी गवंड्याला नको म्हणून कळवलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या दोन्ही पदव्या एकदम झाल्या आणि ती दूर उत्तरेत बोगद्याच्या कामावर गेली. त्याच पावसाळ्यात, भर दुपारी, शिनोलीहून फोन आला. "भाऊ, तुमचा तुकडा खाली गेला." मी जाऊन पाहिलं. तारेचं कुंपण, खुंट्या, पायाचे दगड, सगळं खाली ओढ्यात. माणूस-बिणूस कुणी नव्हतं. ती चार बोटांना जागली असती, तर तिथे घर असतं, आणि दुपारच्या त्या वेळी पडवीत मामी तांदूळ निवडत असती. हिशेब मला कळतो.

मी फोन लावला आणि म्हणालो, "तुझ्या खुंट्या गेल्या."

पलीकडून पहिला प्रश्न आला, "मामी कुठं हाय?"

"हितंच. भाकरी थापती."

मग नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत राहिला. आभार मानायचं माझ्या मनात होतं. पण फसवणाऱ्याचे आभार कसे मानतात ते मला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून पाऊस किती आहे ते सांगितलं आणि फोन ठेवला.

आम्ही ओतूरच्या जुन्याच घरात राहतो. याच्या खाली काळा कातळ आहे, हे ती जाताना तपासून गेली. तिचे दगड खिडकीत आहेत आणि मामी ते देवासारखे पुसते. मला कापलेला डोंगर दिसला की जीप आपोआप थांबते. गेल्या आठवड्यात मी उतरून एक दगड चाटून पाहिला, मागे बसलेल्या गिऱ्हाइकाने ते पाहिलं आणि मग ट्रॅक्टरच्या भावात अजिबात घासाघीस केली नाही.

पण तक्रार आहे ती आहे. चार सांगून पाच वर्षं घेतली, आणि ते पाचवं वर्ष टेप धरता धरता कधी संपलं तेही कळू दिलं नाही. आता परत कधी येणार म्हणून विचारलं की "बघू, मामा" म्हणते. फोनवर रुमाल टाकता येत नाही. तिने ओतूरला यावं, ओट्यावर बसावं आणि माझ्या हातात हात घालून किती वर्षं ते सांगावं. हा जाब तिनेच द्यायचा आहे. या वेळी मी कागदसुद्धा वाचणार आहे.